कुत्र्या-मांजरांची प्रथमोपचार पेटी: आधी काय काढायचं, मग काय भरायचं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळ मखमलाबादला द्राक्षबागेला लागून असलेल्या रो-हाउसमध्ये एक ताई नुकत्याच राहायला आल्या आहेत. घरात तीन वर्षांचा लॅब्रेडॉर आणि एक मांजर. रात्री-अपरात्री दवाखाना लांब पडतो म्हणून त्यांनी पेटी तयार केली आहे. तिच्यात तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या, डेटॉल, हळद, कापूस, चिकटपट्ट्या आणि विष पोटात गेलं तर उलटी करवायला मीठ आहे. आणखी कोणती औषधं ठेवावीत आणि पेटी कुठे ठेवावी, असं त्या विचारतात.

ताई, पेटी करायचं तुमच्या मनात आलं हे फार चांगलं झालं. २१ वर्षं मी नाशकात कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे, आणि अजूनही अपघात झाल्यावरच कापसाची शोधाशोध सुरू होते, असंच बहुतेक घरांत दिसतं. पण तुम्ही आणखी काय ठेवू असं विचारलंय, तर मला आधी आहे त्यातलं बरंचसं काढायला सांगावं लागेल. घरच्या पेटीने जनावर बरं करायचं नसतं. तुमच्या दारापासून डॉक्टरांच्या टेबलापर्यंतचा अर्धा-पाऊण तास त्याने तग धरावा, एवढ्यासाठी ती असते. त्या वेळात कामाला येतं ते कापड, पाणी, फोन आणि न थरथरणारा हात. गोळीने त्या अर्ध्या तासात काही साधल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही, बिघडल्याचं मात्र पुष्कळ पाहिलंय.

तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, आजच पेटीतून काढा. घरात मांजर आहे म्हणून हे जास्तच कळकळीने सांगते. गेल्या पावसाळ्यात एक बाई मांजर घेऊन आल्या. आदल्या रात्री ते मलूल होतं, कान गरम लागले, म्हणून त्यांनी अर्धी गोळी दुधातून दिली होती. सकाळी ते माझ्या टेबलावर आलं तेव्हा तोंड सुजून गोल झालेलं, पुढचे पंजे फुगलेले. ओठ वर करून पाहिला तर हिरड्या कोऱ्या चहासारख्या तपकिरी. तपासायला रक्त काढलं, तर सिरिंजमध्ये तेही चॉकलेटी रंगाचं. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. त्यापासून जे तयार होतं ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच काढून घेतं. मांजर श्वास घेत असतं, पण आतून गुदमरत असतं. ते मांजर आम्हाला वाचवता आलं नाही. त्या बाई टेबलाशी उभ्या राहून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, “मी तर लहान मुलाला देतो तेवढीच दिली हो.”

अंगदुखीच्या गोळ्या, म्हणजे आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि त्यांची भावंडं, कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतात आणि किडनीवर घाव घालतात. लंगडणाऱ्या कुत्र्याला अर्धी गोळी दिली आणि तिसऱ्या दिवशी काळी, डांबरासारखी शी झाली, हे मी इतक्यांदा ऐकलंय की लंगडा कुत्रा आला की पहिला प्रश्न तोच विचारते. डेटॉलही काढा. त्यातलं फिनॉलच्या जातीचं द्रव्य मांजराला झेपत नाही, आणि मांजर अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं. फरशीला फिनाईल लावत असाल तर तेही मांजराच्या घरातून गेलेलं बरं. हळद विषारी नाही, पण खोल जखमेत ती भरली की खाली किती फाटलंय ते दिसत नाही आणि ती धुऊन काढण्यात माझी वीस मिनिटं जातात. आणि मीठ! मिठाचं पाणी पाजून उलटी करवणं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे, पण उलटी झाली नाही तर ते मीठ रक्तात जातं आणि झटके येतात. हायड्रोजन पेरॉक्साइडही कुणी सुचवेल. मेडिकलमध्ये मिळणारी बाटली सहसा २० व्हॉल्यूमची, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांची असते. तेवढ्या तीव्रतेने जठराचं अस्तर भाजतं, आणि मांजराला तर ते मुळीच देऊ नये. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. अॅसिड, फिनाईल, रॉकेल, पेट्रोल असलं काही गेलं असेल तर ती करवायचीच नसते, कारण वर येताना ते दुसऱ्यांदा भाजतं किंवा फुप्फुसात उतरतं.

आता तुमच्या पत्त्याबद्दल बोलू. आपला जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्याचा, आणि ही दोन्ही पिकं कुत्र्याला विष आहेत. हे ऐकून अजूनही लोक चकित होतात. द्राक्ष, बेदाणा, मनुका, काहीही असो, किती खाल्ल्यावर बाधेल याचा नेम नाही. एक कुत्रा बागेत गळालेले मणी खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची किडनी मूठभर बेदाण्यांनी बसते. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी यामागे टार्टारिक आम्ल असावं असं मांडलं. चिंचेतही तेच आम्ल असतं, आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांमध्येही किडनीचं तसंच नुकसान दिसलेलं आहे. पहिल्या दिवसात उलट्या होतात, कुत्रा खात नाही. मग एखादा दिवस बरं वाटल्यासारखं होतं आणि घरचे निवांत होतात. तिथेच फसायला होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कमी होत होत बंद पडते. एका गणपतीत पंचखाद्याचा डबा खाली राहिला आणि त्यातले बेदाणे एका बीगलने वेचून खाल्ले. घरच्यांनी उलटी पाहिली, प्रसाद जास्त झाला म्हणून सोडून दिली. माझ्याकडे आले तेव्हा त्याला ३० तास लघवी झालेली नव्हती. पहिल्या दोन तासांत आणलं असतं, तर एका इंजेक्शनने उलटी करवून दोन दिवस सलाईनवर ठेवता आलं असतं. म्हणून तुमच्या लॅब्रेडॉरने द्राक्षं खाल्लेली दिसली, तर लक्षणांची वाट बघू नका. लॅब्रेडॉर आहे, तो खाणारच.

कांद्याचं विष सावकाश चढतं. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर केलेला, कसाही असो, तो रक्तातल्या लाल पेशी फोडतो. लसूण त्याहून तीव्र, आणि मांजर कुत्र्यापेक्षा नाजूक. रविवारी मिसळ झाली की उरलेला रस्सा-पाव कुत्र्याच्या ताटलीत जातो. रविवारी काही होत नाही. बुधवार-गुरुवारी कुत्रा जिना चढताना दमतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळसर चहासारखी होते, आणि तेव्हा रविवारची मिसळ कुणाला आठवत नाही.

म्हणूनच पेटीतली पहिली वस्तू मी कागद सांगते. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा. त्यावर दोघांची नावं, वय, किलोतलं वजन (दर तीन महिन्यांनी नवीन), चालू औषधं आणि रेबीजच्या लसीची तारीख लिहा. खाली फोन नंबर: तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा, रात्री खरोखर उघडं असणाऱ्या एका दवाखान्याचा, आणि पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री १९६२. हा शेवटचा मुख्यतः गावाकडच्या गुराढोरांसाठी आहे, पण बागेवर अडकलात तर जवळ असावा. फोन नंबर लिहून थांबू नका. एखाद्या दुपारी त्या दवाखान्यांना फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री फोन कोण उचलतं, सापाचं प्रतिविष ठेवता का, ऑक्सिजनची सोय आहे का. रात्री दोन वाजता पाटावर सर्पदंश झालेला कुत्रा मांडीवर घेऊन शहरातल्या बंद शटरांसमोरून फिरलेले लोक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट विकत मिळत नाही: तुमच्या जनावराचं निरोगी असतानाचं रूप माहीत असणं. एखाद्या शांत संध्याकाळी लॅब्रेडॉरचा ओठ वर करा आणि हिरडी पाहा. गुलाबी आणि ओली हवी. बोटाने दाबली की पांढरी पडेल, बोट काढल्यावर दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. झोपेत असताना छातीचे उतार-चढाव मिनिटभर मोजा, ३० च्या आत असावेत. मांजराचंही तसंच बघा. ताप मात्र कानाला हात लावून कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, त्यावर मार्करने खूण करा म्हणजे तो पुन्हा माणसांकडे जाणार नाही, टोकाला व्हॅसलीन लावून शेपटीखाली गुदद्वारात साधारण दोन सेंटिमीटर घाला. एकाने डोकं धरून बोलत राहावं, दुसऱ्याने शेपटी उचलावी. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे दोघांचं नेहमीचं तापमान. आपल्याला जो ताप वाटतो तो त्यांचा नेहमीचा आकडा असतो, आणि त्यावरच बिचाऱ्यांना गोळ्या पडतात. १०४ च्या वर गेलं तर फोन करा.

आता खरेदी. नाशकातल्या औषधांच्या बाजारात, गोळे कॉलनीत गेलात तर एका फेरीत सगळं होतं. गॉझचे घड्या घातलेले तुकडे भरपूर घ्या, कापूस थोडाच, कारण त्याचे तंतू जखमेत चिकटतात. रोलर बँडेज दोन रुंदींचे, क्रेप बँडेज, आणि मिळालं तर स्वतःलाच चिकटणारं रंगीत बँडेज, जे केसांना ओढत नाही. माणसांच्या चिकटपट्ट्या केसांवर टिकत नाहीत, उलट कुत्रा त्या चावून गिळतो, त्या काढा. गोल टोकाची कात्री, चिमटा, गोचीड काढायचा हूक, हातमोजे, टॉर्च, सुई नसलेल्या १० आणि २० मिलिलिटरच्या सिरिंजा, ५०० मिलिलिटर सलाईनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन (जखमेसाठीचं जंतुनाशक). हे शेवटचं थेट ओतायचं नाही, फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाण्यात मिसळायचं. एक मोठा टॉवेल, एक जुनी जाड चादर आणि गळ्यात अडकवायचा प्लास्टिकचा कोन. मांजरासाठी पिंजरा पेटीत मावणार नाही, पण पेटीशेजारी तो हवाच, आणि एरवीही उघडा ठेवा म्हणजे मांजर त्यात झोपायला शिकेल. घाबरलेलं मांजर हातात घेऊन रिक्षात बसणं म्हणजे ते गमावणं.

सलाईन बहुतेकांना कळत नाही कशाला. बाटलीला सुईने भोक पाडून दाबली की बारीक, जोराची धार येते, आणि माती, खडी, फवाऱ्याचा डाग धुवायला यापेक्षा चांगलं काही नाही. डोळ्यात काही गेलं तर याच धारेने पाच मिनिटं धुवा आणि या. घरात उरलेले डोळ्याचे थेंब टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि डोळ्यावर ओरखडा असेल, तर तो ओरखडा भरण्याऐवजी खोल जातो. उघडलेली बाटली टाकून द्यायची, जपून ठेवायची नाही.

मुसकीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण घरच्यांना चावे बसतात ते इथेच. तुमचा कुत्रा कितीही गरीब असला तरी मोडलेल्या पायाला हात लावला की तो चावू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. साधारण एक मीटर रोलर बँडेज घ्या. मधोमध सैल गाठ मारून मोठा फास करा. समोरून नाही, बाजूने या आणि फास नाकाडावर सरकवून वरच्या बाजूला आवळा. दोन्ही टोकं हनुवटीखाली आणून तिथे एक फेर द्या, मग कानांच्या खालून मानेमागे नेऊन फुलगाठ मारा, म्हणजे एका झटक्यात सुटेल. कुत्र्याला श्वासाचा त्रास असेल, उलटी येत असेल, तो उन्हाने तापलेला असेल किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल, तर ही मुसकी बांधायची नाही. मांजराला तर टॉवेलमध्येच गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. आणि चावा बसलाच तर, घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी, साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवा आणि माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

रक्त वाहत असेल तर गॉझची जाड घडी ठेवून तळहाताने दाबा आणि घड्याळाकडे बघा. पूर्ण पाच मिनिटं. थांबलं का म्हणून मिनिटा-मिनिटाला उचलून बघितलं की नुकती धरलेली गुठळी निघून येते. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवा. पायाला बँडेज बांधायचं तर बोटांपासून वर बांधत या, आणि मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवा. ती सुजली किंवा गार पडली तर बँडेज घट्ट झालंय. मी एका गोल्डन रिट्रीव्हरचा पंजा केवळ या कारणाने जाताना पाहिला आहे. मूळ जखम अर्ध्या इंचाची होती. बँडेजच्या आत पंजा काळा पडला होता.

मखमलाबाद, म्हसरूळ, गंगापूर, आडगाव या पट्ट्यात सापाचा दंश ही मला सर्वांत जास्त काळजी वाटणारी गोष्ट आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार मुख्य विषारी साप, आणि आपल्याकडे मिळणारं प्रतिविष या चौघांवर चालतं. घोणस किंवा फुरसं चावलं तर तोंड किंवा पाय झपाट्याने सुजतो आणि जखमेतून रक्त थांबत नाही. नाग चावला तर लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, पापण्या उतरतात. मण्यार फसवी. ती रात्री चावते, दाताची खूण दिसत नाही, सूज येत नाही, आणि पहाटे कुत्रा उभा राहू शकत नाही एवढंच कळतं. पेटीतली कुठलीही वस्तू इथे उपयोगाची नाही, एक चादर सोडून. चिरा मारू नका, चोखू नका, वरून दोरी आवळू नका, बर्फ लावू नका. पट्टा गळ्यातून काढा, कारण मान सुजते. कुत्र्याला चालवू नका, चादरीची झोळी करून दोघांनी उचलून गाडीत ठेवा आणि निघता निघता फोन करा. साप मारून आणायची गरज नाही. सापाच्या मागे लागून माणसाला दंश झाल्याचं इथे घडलेलं आहे.

बागेच्या फवारण्या ही दुसरी काळजी. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षं उतरेपर्यंत बागेत काही ना काही फवारलं जातं. कुत्रा ओल्या वेलीखालून फिरून येतो आणि मग पंजे चाटतो. शेजारच्या बागायतदारांना भेटून फवारणीचा दिवस आदल्या दिवशी कळवाल का, असं एकदा विचारून ठेवा. मोकळेपणाने विचारलं तर शेतकरी हे आनंदाने करतात, माझ्या बऱ्याच पेशंटच्या घरी असा निरोप येतो. विषबाधेची ओळख अशी: तोंडातून लाळेच्या तारा, जुलाब, अंगाच्या बारीक बारीक थरथरी आणि टॉर्च मारला तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. हातमोजे घालून साध्या साबणाने अंग भरपूर पाण्याने धुवा, टॉवेलने पुसून तडक निघा. यावर उतारा असतो, तो इंजेक्शनचा असतो आणि डॉक्टरांकडेच असतो. फोरेट, म्हणजे लोक ज्याला थिमेट म्हणतात, त्यावर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, पण जुन्या शेडच्या कोपऱ्यात अर्धी पुडी राहिलेली असू शकते. तुमच्या नव्या घराची मागची खोली एकदा झाडून बघा. उंदराच्या औषधाचंही असंच. काही औषधांनी तीन-चार दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो, काहींनी तासाभरात पोटात विषारी वायू तयार होतो, आणि दोघांचे उपचार वेगळे. म्हणून डबा, पुडी, चिठ्ठी, काही सापडलं तर पिशवीत घालून बरोबर आणा. नुसतं “निळ्या रंगाचं काहीतरी होतं” यावरून मला काहीच करता येत नाही.

संक्रांतीच्या सुमाराला नायलॉन मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी जानेवारीत माझ्याकडे कापलेले पंजे येतातच. जखम दिसायला रेघेएवढी, पण बोटांच्या मधून हाडापर्यंत जाते. आणि एक गोष्ट तुमच्या मांजरासाठी: दोरा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात किंवा जिभेखाली अडकलेलं असतं, आणि ओढल्यावर दोरा आतडं करवतीसारखं कापतो. लोंबणारा भाग तसाच ठेवून या.

एप्रिल-मेमध्ये कुत्रा धापा टाकत कोसळला, जीभ लालभडक, लाळ घट्ट, तर आधी थंड करायचं आणि मग गाडी काढायची. सावलीत आणून नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा. भिजलेला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. ताप १०३.५ वर आला की पाणी थांबवून निघा.

पावसाळ्यात लांब केसांच्या कुत्र्याच्या जखमेत किडे पडतात. घरात टर्पेंटाइन, रॉकेल, फिनाईल ओततात, आणि मांजरावरही तेच करतात. कुत्र्यासाठी किड्यांचा स्प्रे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, मांजराला लावू नका. गोचिडांची कुत्र्याची औषधंही मांजराला चालत नाहीत. त्यातल्या परमेथ्रिनने मांजराला झटके येतात.

झटके आले तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात हात घालू नका. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा, दिवे मंद करा, किती मिनिटं चाललं ते मोजा आणि कुणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर लगेच निघा.

काही वेळा पेटी उघडूच नका, गाडीची किल्ली घ्या. लॅब्रेडॉरचं पोट ढोलासारखं फुगलं आणि तो ओकाऱ्या देतोय पण काही पडत नाही, तर जठराला पीळ पडलेला असू शकतो, आणि तिथे मिनिटं मोजायची असतात. बोका पुन्हा पुन्हा मातीच्या ट्रेमध्ये बसतो, ओरडतो आणि लघवीचा थेंब येत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका. मांजर तोंड उघडून कुत्र्यासारखं धापतंय, तर ते दमलेलं नाही, त्याला श्वास पुरत नाही. गच्चीवरून किंवा बाल्कनीतून पडलेलं मांजर चालत घरात आलं तरी दाखवाच, छातीतलं नुकसान बाहेरून दिसत नाही. आणि तुमच्या भागात बिबट्या फिरतो. त्याच्या दाताची भोकं मानेवर बारीक दिसतात, आत मात्र खूप फाटलेलं असतं. असा कुत्रा वाचला तरी त्याला चाव्यानंतरची रेबीजची लस लागते, आधीची घेतलेली असली तरी.

तुमचा शेवटचा प्रश्न, पेटी कुठे ठेवायची. स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात ठेवू नका, रात्री स्टूल शोधावं लागेल. दाराशेजारी, जिथे पट्टा आणि गाडीची किल्ली टांगता तिथेच, मांजराच्या पिंजऱ्यावर ठेवा. उन्हात उभ्या गाडीत नको, तिथे औषधं तापून खराब होतात. वर्षातून दोनदा, संक्रांतीआधी आणि पहिल्या पावसाआधी, सगळं बाहेर काढून तारखा बघा. आणि या रविवारी, कुत्रा खाऊन पडलेला असेल तेव्हा, घरातल्या प्रत्येकाने एकदा त्याला बँडेजची मुसकी बांधून सोडून बघा, लगेच खाऊ द्या. तुमच्या मिस्टरांना किंवा मुलांना ते जमत नसेल, तर लसीकरणाच्या फेरीला आलात की मला सांगा, मी हाताला हात धरून शिकवते. दहा मिनिटं लागतात.